बातमी चुकली की ग्रुपवर शिव्या नको, अर्ज घाला

सीमाभागात एक पेपर वाचून भागत नाही. भांडण एकच झालेलं असतं, पण मराठी पेपरात वेगळं, कन्नड पेपरात वेगळं आणि रात्री चॅनेलवर तिसरंच कायतरी. 2022 च्या डिसेंबरात बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगडं पडली, 2025 च्या फेब्रुवारीत मराठीत बोलला नाही म्हणून कर्नाटक बसच्या कंडक्टरला मारल्याचं प्रकरण झालं, दोन्ही वेळा बस बंद आणि टीव्हीवर दिवसभर तीच क्लिप फिरवायलेत. हाल झाले ते निपाणीहून कोल्हापूरला दवाखान्याला जाणाऱ्यांचे, त्यांना कोण विचारतंय?

तर काय करायचं. पेपरात चुकीचं आलं की पहिलं ते कात्रण तारखेसकट कापून ठेवा, मोबाईलवरचा फोटो चालेल म्हणून रद्दीत घालू नका. पेपरात खाली बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक छापलेलं असतं, पत्र त्या संपादकाच्या नावानं, स्पीड पोस्टानं. मी पहिल्यांदा चार पानं रागानं लिहिलेली, कुणी वाचलीच नसणार. दुसऱ्यांदा तीनच ओळी घातल्या, काय छापलं, खरं काय, पुरावा हा, तर चौथ्या दिवशी आतल्या पानात का असेना दुरुस्ती आली.

नाही आली तर पेपरांवरच्या तक्रारी ऐकणारी प्रेस कौन्सिल, दिल्लीला. फी नाही, वकील लागत नाही. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर छापल्यापासून 2 महिन्यांच्या आत तक्रार पोचली पाहिजे, सोबत कात्रण, संपादकाला घातलेल्या पत्राची कॉपी, आणि ह्याच विषयावर कोर्टात केस नाही असं लिहून द्यायचं. मराठी, कन्नड कात्रणाला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, इथंच आपली माणसं कंटाळतात. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे मारते फक्त, तेवढं आधीच ओळखून असा.

टीव्हीचं प्रेस कौन्सिलकडं चालत नाही. तिथं चॅनेलच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करायचा, तेही आठवड्याच्या आत, कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ घालून. 2021 च्या नियमाप्रमाणे 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निकाल द्यायला पाहिजे त्यांनी, पटलं नाही तर पुढच्या 15 दिवसांत चॅनेल ज्या संस्थेचं मेंबर आहे तिच्याकडं अपील. न्यूज पोर्टलनाही तक्रार अधिकारी ठेवावाच लागतो, तिथंही तोच 15 दिवसांचा हिशोब.

आणि एकटे करू नका. गल्लीतला कन्नड वाचणारा एक, मराठी वाचणारा एक, दोन्ही पेपर शेजारी ठेवून महिनाभर मोजा, ऊसबिल किती वेळा आलं, खानापूरचे रस्ते किती वेळा आणि भाषेचा वाद किती वेळा. तो कागद घेऊन दोघं मिळून संपादकाला भेटा. एकट्या मराठी माणसानं कन्नड पेपरात गेलं की लगेच कुठल्या पार्टीचा म्हणून बघतात, उलटंही तसंच, दोघं गेलं की खुर्ची देतात. भाषांतराला आम्ही कॉलेजची पोरं बसवलीत, चहा आमच्याकडनं.