गेमचं बजेट कसं ओळखायचं (आणि त्यावरून गेम कसा असेल ते)

ट्रेलर बघून लगेच प्रीऑर्डर मारू नका, गेम बाहेर आला की आधी शेवटची क्रेडिट्स यूट्यूबवर बघा, किती वेळ नावं सरकतायत ते. वीसेक मिनिटं चालली तर समजा पैसा पाण्यासारखा ओतलाय. द लास्ट ऑफ अस पार्ट २ या गेमला साधारण २२ कोटी डॉलर लागले, हे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाच्या कागदांत नीट न खोडल्यामुळे बाहेर आलं (मार्करने खोडलेलं स्कॅन केल्यावर दिसत होतं, काय बोलायचं). आता एवढे पैसे वसूल करायचे म्हणजे लाखो कॉपी खपायलाच हव्यात, मग प्रयोग कोण करणार, सीक्वेलच येणार.

मग शत्रू मोजा. खरंच मोजा, किती प्रकारचे आहेत ते, कारण प्रत्येक नवीन शत्रूचं मॉडेल, ॲनिमेशन, आवाज सगळं वेगळं करावं लागतं आणि तिथेच कमी बजेट पटकन उघडं पडतं. २०१७ चा हेलब्लेड बघा, वीसेक जणांची टीम, मीटिंग रूममध्येच मोशन कॅप्चर (खऱ्या माणसाच्या हालचाली टिपून गेममधल्या पात्राला देणं) आणि हिरोईन कोण तर त्यांचीच व्हिडिओ एडिटर! गेम सात-आठ तासांचा, शत्रू मोजकेच, पण हिरोईनच्या डोक्यातले आवाज हेडफोन लावून ऐका, काटा येतो अंगावर.

किंमत पण बघा, हेलब्लेड मोठ्या गेमच्या अर्ध्या भावात होता. आणि मधल्या बजेटवाले गेम दिसले की मी तरी आधी तेच घेतो.