दोघांची आंघोळ एकाच टबात

एक चार वर्षांचं, दुसरं दीड वर्षाचं. दोघांना एकत्र आंघोळ घालायची तर निम्मं काम पाणी काढण्याआधीच होतं. दोन टॉवेल, कपडे आणि उघडून ठेवलेला डायपर हाताशी हवा. मधेच काही आणायला उठायचं नाही. राहिलंच, तर धाकट्याला ओलं उचलून सोबत न्या. मोठ्याला ‘जरा लक्ष ठेव’ सांगून जाणं अजिबात नको. बुडायला चार-पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं, आणि बुडताना बहुधा आवाज होत नाही.

टबात आधी गार पाणी, मग गरम. ३७-३८ अंश पुरे. हाताला नीट अंदाज येत नाही, कोपर बुडवून बघा.

साबण शेवटी. आधी लावला की मुलं त्याच पाण्यात खेळत बसतात, कातडी कोरडी पडते, टबही निसरडा होतो. केस धुताना रडारड ठरलेलीच. मोठ्याला छताकडे बघायला सांगा, कपाळावर घडी केलेला रुमाल धरायला द्या. धाकट्याचं डोकं तळव्यावर मागे टेकवून पाणी कपाळाकडून मागे ओता.

आधी मोठा बाहेर: तो टॉवेल गुंडाळून उभा राहतो, तुमचे दोन्ही हात धाकट्यासाठी मोकळे. टब लगेच रिकामा करा.