ओपन सोर्समधे पहिला पॅच कसा पाठवायचा (नोकरी सांभाळून हौसेने कोड लिहिणाऱ्यांसाठी)

ओपन सोर्समधे (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमधे) काहीतरी करायचंय, एखादा पॅच म्हणजे कोडमधला बदल पाठवायचाय, पण सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं की बहुतेक जण नवख्यांसाठीच्या सोप्या कामांवर लावलेलं 'गुड फर्स्ट इश्यू' लेबल शोधायला सांगतात. मला तो रस्ता पटत नाही. नावाजलेल्या प्रोजेक्टमधे अशा इश्यूवर आधीच चारपाच जण 'मी घेऊ का' विचारून बसलेले असतात, आणि जे टूल आपण कधी वापरलंच नाही त्यातलं नीट काय नि बिघडलेलं काय हे आपल्याला कळणार तरी कसं? त्यापेक्षा रोज हाताखाली असलेलं एखादं छोटं टूल घ्या आणि त्यात जे कायम खटकतं तिथून सुरू करा.

माझंच सांगतो. फाइलींची यादी दाखवणारं एक कमांड लाइन टूल मी वापरायचो, त्यात नाव लांब असलं की ते कापलं जायचं आणि देवनागरी नावांच्या शेवटी ते काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह यायचं. बरेच महिने मी तसंच चालवून घेतलं, मग एका रात्री बसलो.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि खरं तर निम्म्याहून जास्त वेळ यातच जातो: बग हुकमी परत घडवून दाखवता आला पाहिजे. रिकाम्या फोल्डरमधे एकच फाइल ठेवली, नाव 'नोंदी', आणि नाव दाखवायची रुंदी केली 10. डोळ्याला दोन अक्षरं दिसतात पण युनिकोडमधे ते पाच कोडपॉइंट आहेत, म्हणजे क्रमांक दिलेली पाच सुटी चिन्हं (न, ओकार, अनुस्वार, द, दीर्घ वेलांटी) आणि यूटीएफ-8 मधे, म्हणजे ती चिन्हं साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट 3 बाइट घेतो, म्हणजे झाले 15. टूल बाइट मोजत होतं, 10 वर कापलं की 'नों' पूर्ण येतं आणि 'द' चा फक्त पहिला बाइट उरतो, म्हणून ते प्रश्नचिन्ह. एवढं कळल्यावर कोडमधे कुठे बघायचं ते आपोआप कळलं.

आधी चालत होतं आणि मधेच बिघडलं असं असेल तर गिटमधलं (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) बायसेक्ट वापरा. एक चांगला कमिट (नोंदवलेला बदल) सांगायचा, एक वाईट सांगायचा, गिट मधला काढून देतं, आपण तपासून गुड किंवा बॅड म्हणायचं. हजार कमिट असले तरी साधारण दहा फेऱ्यांत नेमका कमिट सापडतो.

कोडला हात लावायच्या आधी कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाइल वाचा. सगळे प्रोजेक्ट बाहेरच्यांचे पॅच घेतातच असं नाही, एसक्यूलाइट या डेटाबेसचा कोड पब्लिक डोमेनमधे आहे (म्हणजे कोणाच्याही मालकीचा नाही) पण ते बाहेरून पॅच घेत नाहीत, हे आधी माहीत नसेल तर चार रात्री फुकट जातात.

मग आधी टेस्ट लिहा, ती फेल होताना बघा, आणि त्यानंतरच दुरुस्ती करा. माझी पहिली दुरुस्ती चुकीची होती. मी बाइटऐवजी कोडपॉइंट मोजले, प्रश्नचिन्ह गेलं, मी खूश. पण रुंदी 4 ठेवून बघितली तर 'नोंदी' चं 'नोंद' झालं! शब्द बरोबर, फाइलीचं नाव चूक. डोळ्याला जे एक अक्षर दिसतं ते अखंड ठेवायचं तर ग्राफीम क्लस्टर मोजावे लागतात, त्याचे नियम युनिकोडने दिलेले आहेत आणि बऱ्याच भाषांत त्यासाठी तयार लायब्ररी मिळते.

पॅच छोटा ठेवा, एका पॅचमधे एकच गोष्ट. एडिटर सेव्ह करताना अख्खी फाइल फॉरमॅट करत असेल तर तेवढ्यापुरतं ते बंद करा, नाहीतर आठ ओळींच्या बदलासाठी चारशे ओळींचा डिफ (बदललेल्या ओळींची यादी) जातो आणि तो कोण वाचणार. कमिट मेसेजमधे काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा, काय ते डिफमधे दिसतंच.

पॅच पाठवा आणि मग थांबा. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे आठवण करा, त्यापुढे मागे लागू नका. 2024 साली एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलच्या 5.6.0 आणि 5.6.1 व्हर्जनमधे बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) सापडला तो प्रकार आठवा, तिथे एकट्याने प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या माणसावर 'काम हळू चाललंय, दुसऱ्याला द्या' असा दबाव 2022 पासून येत होता आणि शेवटी ज्याच्या हातात अधिकार गेले त्यानेच तो बॅकडोअर घातला. समोरचा माणूसही आपल्यासारखाच रात्री जेवण झाल्यावर बसत असतो हो.

स्वतःचा कोड टाकणार असाल तर पहिल्याच दिवशी लायसन्सची फाइल टाका, एमआयटी घ्या नाहीतर जीपीएल, पण टाका. लायसन्स नसेल तर कोड उघडा दिसतो पण इतरांना तो वापरायचा हक्क मिळत नाही.

पॅच मर्ज होईपर्यंत (मूळ कोडमधे घेतला जाईपर्यंत) हात रिकामे असतील तर त्याच प्रोजेक्टमधला दुसऱ्या कोणाचा तरी जुना बग रिपोर्ट उघडा, स्वतःच्या मशीनवर घडवून बघा आणि 'या व्हर्जनवर, या पायऱ्यांनी माझ्याकडेही येतोय' किंवा 'आता येत नाही' एवढं लिहा, त्याला कोड लागत नाही आणि प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरचा एक अख्खा तास वाचतो.