मंडळाच्या बुद्धिबळ स्पर्धेत डावाला वेळ किती द्यायचा?

गणेशोत्सवात बुद्धिबळ स्पर्धा घ्यायची ठरली की पहिला वाद वेळेवरून. कोणी म्हणतं अर्धा तास द्या, कोणी म्हणतं पाच मिनिटं पुरे. वाद घालण्याआधी हॉल किती तास मिळालाय ते विचारा आणि कागद-पेन घ्या.

आधी फेऱ्या ठरवा. स्विस पद्धतीत (हरलेला बाद होत नाही, दर फेरीला सारख्या गुणांच्या खेळाडूंची जोडी लागते) ३२ खेळाडूंपर्यंत ५ आणि ६४ पर्यंत ६ फेऱ्या घेतल्या, की सगळे डाव जिंकलेले दोघं उरत नाहीत.

मग एका फेरीचा वेळ काढा. '१५ अधिक १०' म्हणजे प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंदांचं इन्क्रीमेंट. डाव ६० चालींचा धरा, फिडे म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघही तसाच धरतो. ६० चालींचे १० मिनिटं वाढतात, म्हणजे एकाची २५, दोघांची ५०. निकाल घेऊन पुढच्या जोड्या लावायला १० मिनिटं. तासाला एक फेरी झाली. ५ फेऱ्यांना जेवणाची सुट्टी धरून अख्खा दिवस जातो. हॉल दुपारी दोन ते सहाच असेल तर '१० अधिक ५' घ्या. फेरी जोड्यांसकट ४० मिनिटांची, ५ फेऱ्या ३ तास २० मिनिटांत. उरलेली ४० मिनिटं बक्षिसं आणि पाहुण्यांच्या भाषणाला लागतातच.

वेळ कमी पडतोय म्हणून इन्क्रीमेंट मात्र काढू नका. हवं तर मूळ मिनिटं कमी करा. इन्क्रीमेंटशिवायचा डाव कसा संपतो ते एकदा बघा. दोघांकडे फक्त राजा आणि हत्ती, सरळ बरोबरीचा डाव, पण घड्याळावर १५-१५ सेकंद. मग हत्ती इकडून तिकडे आपटायला लागतात, बटणावर धपाधप हात, एकाचा राजा आडवा होतो, तो कोणी उभा करायचा यावरून भांडण, भोवती दहा मुलांचा घोळका आणि शेवटी "पंच काका!" अशी हाक. दर चालीला ५ सेकंद मिळाले असते तर दोघांनी शांतपणे हात मिळवले असते. माजी विश्वविजेत्या बॉबी फिशरने १९८८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो अशाच घड्याळासाठी, आणि १९९२ च्या स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात ते वापरलंही.

चावीच्या जुन्या घड्याळात इन्क्रीमेंट देता येत नाही. निम्मी घड्याळं तशी असतील तर सगळ्यांनाच साधी १५ मिनिटं द्या. एका हॉलमध्ये दोन नियम चालवायला जाऊ नका. आणि सुरुवातीलाच वाचून दाखवा: तुमचा वेळ संपला, पण समोरच्याकडे नुसता राजा उरलाय, तर डाव बरोबरीत.

पत्रकावर प्रकार नीट लिहा. फिडेच्या हिशेबात ६० चालींचं इन्क्रीमेंट धरून एकाला १० मिनिटं किंवा कमी म्हणजे ब्लिट्झ, त्यावर पण तासाच्या आत रॅपिड. त्यामुळे साधी १० मिनिटं ब्लिट्झ, '१० अधिक ५' मात्र रॅपिड. चेस डॉट कॉमवर १० मिनिटांचा डाव रॅपिडमध्ये धरतात, तिथूनच हा घोळ पत्रकात येतो.

लहान गटाला जास्त वेळ देऊन फायदा नसतो. आठ वर्षांची पोरं दिलेला वेळ वापरतच नाहीत. पाच मिनिटांत मात करून हॉलभर पळतात. ज्येष्ठांना उलट '३ अधिक २' देऊ नका, चाल करून घड्याळ दाबायचं राहून जातं.

पहिल्या क्रमांकाला गुण सारखे झाल्यावर टायब्रेक म्हणजे निर्णायक डाव खेळवणार असाल तर त्याचा वेळही पत्रकात छापा. २०२५ च्या महिला विश्वचषकात नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे अंतिम फेरीतले दोन्ही क्लासिकल (जास्त वेळाचे) डाव बरोबरीत सुटले आणि दिव्याने विजेतेपद मिळवलं ते '१५ अधिक १०' च्या टायब्रेकमध्ये. आपल्याकडे '३ अधिक २' चा एक डाव पुरतो.

आदल्या रात्री प्रत्येक घड्याळ लावून दोन्ही बाजूंची बटणं चार-पाच वेळा दाबून बघा. सेकंद वाढत नसतील तर इन्क्रीमेंटऐवजी डिले लागलाय, म्हणजे दर चालीला काही सेकंद सूट मिळते पण वेळ साठत नाही.