बुडालेल्या जहाजावर डाइव्ह: आखणी कशी करावी, साधने कशी निवडावीत

खुल्या समुद्रातील बुडालेल्या जहाजावर जायचे ठरले की बहुतेक जण आधी साधनांची यादी करायला बसतात. माझ्या मते क्रम उलटा हवा: आधी जहाज समजून घ्यावे, मग श्वासासाठी लागणाऱ्या वायूचा हिशेब करावा आणि त्यातून गरज निघेल तेवढेच सामान घ्यावे.

सुरुवात जहाजाच्या माहितीपासून करावी. त्याचा तळ किती खोल आहे, डेक किती मीटरवर लागतो, ते सरळ उभे आहे की कुशीवर कलंडले आहे, त्यावर मासेमारीची जाळी अडकली आहेत का, हे तिथे नेहमी बोट नेणाऱ्या तांडेलाला विचारावे. तांबड्या समुद्रात 1941 साली बुडालेले ‘थिसलगॉर्म’ सुमारे 30 मीटरवर आहे, तर 1956 साली नँटकेट बेटाजवळच्या समुद्रात बुडालेल्या ‘आंद्रेआ दोरिआ’चा तळ 70 मीटरच्याही खाली आहे. 40 मीटर ही हौशी डाइव्हिंगची मर्यादा मानली जाते. 70 मीटरवर साध्या हवेतील ऑक्सिजनचा दाब 1.6 बारच्या (बार हे दाबाचे एकक) पुढे जाऊन झटके येण्याचा धोका निर्माण होतो आणि नायट्रोजनची गुंगी निर्णयशक्ती बिघडवते. म्हणून तिथे हेलियम मिसळलेला ट्रायमिक्स आणि त्याचे रीतसर प्रशिक्षण लागते.

दिवस निवडताना अमावास्या-पौर्णिमेचे उधाण टाळून अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस पाहावेत, कारण तेव्हा प्रवाह सहसा मंद असतो. भरती आणि ओहोटी यांच्यामध्ये प्रवाह थबकतो, तो काळ अनेक ठिकाणी जेमतेम अर्ध्या तासाचा असतो आणि डाइव्ह त्यातच बसवावी लागते. एक-दोन दिवस राखीव ठेवावेत. परतीचे विमानही शेवटच्या डाइव्हनंतर किमान 24 तासांनी ठेवावे.

वायूचा हिशेब मात्र शांतपणे, कागदावर करावा. समजा, 30 मीटरवर जोडीदाराचा वायू संपला आणि दोघांना एकाच साठ्यावर वर यायचे आहे. घाबरलेला माणूस पृष्ठभागावरच्या 1 बार दाबाच्या मापाने मिनिटाला 30 लिटर वापरतो असे धरले, तर दोघांचे 60 लिटर होतात. 30 मीटरवर दाब 4 बार असल्याने गोंधळ सावरण्याच्या 2 मिनिटांत 480 लिटर जातात, वर येण्याच्या 3 मिनिटांत सुमारे 450 आणि 5 मीटरवर 3 मिनिटे थांबताना 270. एकूण 1200 लिटर. 12 लिटरच्या एका सिलिंडरमध्ये हे 100 बार होतात, म्हणजे 200 बारने भरलेल्या सिलिंडरचा निम्मा वायू हात न लावता राखून ठेवायचा! जोड-सिलिंडरमध्ये, म्हणजे असे दोन सिलिंडर एकत्र जोडले की, तोच राखीव साठा 50 बारवर येतो. जोड-सिलिंडर घेण्याचे कारण या आकड्यांत आहे. शिवाय दोन्ही सिलिंडरना जोडणारा मधला व्हॉल्व्ह बंद केला तर एका बाजूने गळती झाली तरी दुसऱ्या बाजूचा वायू वाचतो.

जहाजाच्या आत फक्त प्रशिक्षित डाइव्हरनेच जावे आणि वापरायच्या वायूचा एक तृतीयांश संपताच मागे फिरावे. आत जाताना वाट दाखवणारी दोरी सोडत जावी आणि तिची पहिली गाठ बाहेर, उजेडात बांधावी. आत श्वासाचे बुडबुडे छतावर आदळले की गंजाचे कण झडू लागतात आणि स्वच्छ दिसणारी खोली काही क्षणांत तांबूस गढूळ होते. मग बाहेरची वाट बोटांमधून सरकणारी दोरीच दाखवते. म्हणून ही दोरी गुंडाळायची रील चांगली घ्यावी आणि एका मुख्य टॉर्चसोबत दोन राखीव टॉर्च ठेवाव्यात. रेग्युलेटरची (सिलिंडरमधला वायू श्वासासाठी देणाऱ्या साधनाची) सुमारे 2.1 मीटर लांबीची नळी अनेकांना अवजड वाटते, पण अरुंद दारातून दोघांना एकामागोमाग निघावे लागते तेव्हा आखूड नळी पुरत नाही. जाळी कापायला दोन धारदार साधने हवीत आणि ती दोन्ही हातांना पोहोचतील अशी लावावीत. वर येताना प्रवाहाने वाहून गेल्यास बोटीला दिसावे म्हणून फुगवता येणारा सिग्नल-बोया विसरू नये.

बोटीवर ऑक्सिजनचा संच आणि रेडिओ आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. डाइव्हनंतर होणाऱ्या दाबाच्या आजारावर उपचार करणारा जवळचा रिकम्प्रेशन कक्ष कुठे आहे, तेही लिहून ठेवावे.

नवे साधन थेट समुद्रात नेऊ नये. आधी उथळ पाण्यात, हातमोजे घालून आणि डोळे मिटून, पाठीमागचे व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा उघडता येतात का ते पाहावे. हात पोहोचत नसेल, तर पट्टे नीट बसेपर्यंत जहाजाची तारीख पुढे ढकलावी.