प्रो कबड्डीचं बोलावणं आलं, तर कॉलेजचं काय?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांनी आधी पदवीचं वर्ष बघावं. शेवटचं असेल तर परीक्षा देऊनच जा. पुढे रेल्वेत नोकरी धरायची तर खेळाडू कोट्यात वरच्या श्रेणीला पदवी लागते. शिवाय खेळाडूंच्या लिलावाच्या यादीत नाव येणं म्हणजे करार नव्हे. बोली लागली तरच पैसे.

खरी अडचण गुडघ्याची. मातीवर पाय घसरतो, प्रो कबड्डीच्या मॅटवर (रबरी गादीवर) बूट जागच्या जागी धरतो. चढाईत झटकन वळताना पाऊल अडकतं, गुडघा पिळतो आणि आतला लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) तुटतो. म्हणून निवड चाचणीआधी किमान सहा आठवडे बूट घालून मॅटवर खेळा. पहिले दोन आठवडे नुसतं पदलालित्य आणि थांबणं. वजनाची मर्यादा 85 किलो आहे. आदल्या दिवशी पाणी तोडून वजन उतरवू नका, पोटऱ्यांत गोळे येतात.

निवडीसाठी व्हिडिओ द्यायचा तर पूर्ण सामन्याचा द्या, 13 बाय 10 मीटरचं सगळं मैदान दिसेल असा. फसलेल्या 'डू ऑर डाय' चढायाही (सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर गुण घ्यावाच लागतो, ती तिसरी) ठेवा.

करारात शस्त्रक्रियेचा खर्च कोण देणार, ते लेखी घ्या. निवडीसाठी कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.