एंगेलबर्गला एक दिवस स्नोबोर्डिंग: निघण्याआधीची तयारी

गॉगल आधी बॅगेत टाका. वाचन थांबवा, उठा, टाका, मग पुढे वाचा. मागच्या फेब्रुवारीत झ्युरिकहून पहाटेच्या गाडीने टिटलिसला, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या एंगेलबर्ग गावावरच्या डोंगराला, निघालो आणि माझा गॉगल घरी चपलांच्या रॅकवर राहिला. ल्युझर्नला गाडी बदलताना लक्षात आलं. आभाळ भरलेलं होतं. म्हटलं, ऊनच नाही तर गॉगल कशाला? दिवसभर तसाच उतरत राहिलो. रात्री नऊला डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायला लागलं. दहापर्यंत पापण्या उघडेनात, नुसतं पाणी वाहत होतं, बाथरूमचा दिवासुद्धा सहन होईना. बायकोने हाताला धरून दवाखान्यात नेलं. बर्फावरच्या उन्हाने डोळे भाजले होते. पुढचे दोन दिवस पडदे ओढलेल्या खोलीत काढले.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या. पातळ ढगांतून अतिनील किरण बऱ्यापैकी खाली येतात. ताजा बर्फ त्यातले 80 टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, म्हणजे टोपीचा उपयोग नाही, मारा खालून होतो. त्यात दर 1,000 मीटर चढलं की किरणांचा जोर साधारण 10 टक्क्यांनी वाढतो. एंगेलबर्ग गाव 1,000 मीटरच्या आसपास आहे आणि टिटलिसचं वरचं स्टेशन 3,000 च्याही वर. डोळे भाजतात तेव्हा कळतही नाही, दुखायला लागतात ते काही तासांनी. म्हणून ‘त्रास झाला तर घालीन’ हा विचार चालत नाही.

बोर्ड, बूट आणि हेल्मेट भाड्याने मिळतं. गॉगल बहुतेक ठिकाणी त्यात नसतो. विसरलात तर गावातल्या दुकानातून विकत घ्या, महाग पडला तरी घ्या. काचेवर एस1, एस3 असं लिहिलेलं असतं. एस3 लख्ख उन्हासाठी. एस1 ढगाळ दिवसासाठी. तिच्यातून पांढऱ्यावर पांढरे उंचवटे निदान दिसतात, नाहीतर पुढे खड्डा आहे की सपाटी हे पडल्यावरच कळतं. चष्मा असेल तर चष्म्यावर बसणारा गॉगल घ्या, आणि हेल्मेट घालूनच बसतो का बघा.

सनस्क्रीन हा गॉगलचाच भाऊ. ‘आपली कातडी सावळी, आपल्याला काय होतंय’ हे मीही म्हणायचो. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेला लावा. ऊन खालून येतं, तिथेच सोलून निघतं. दर दोन तासांनी पुन्हा.

कपड्यांचं सगळ्यांना माहीत असतं. फक्त जीन्स नको. बोर्डवाला बाइंडिंग (बूट बोर्डला धरून ठेवणारे पट्टे) बांधायला दर वेळी बर्फात बसतो, तासाभरात जीन्स ओलीचिंब होते. वॉटरप्रूफ पँट हवीच. मोजे लोकरीचे, पातळ, एकच जोडी. दोन घातल्या की पाय बुटात सरकतो आणि टाचेला फोड येतात. हातमोज्यांच्या आत मनगटाचे गार्ड घाला. नवशिका पडताना हात टेकतो आणि मनगट मोडतं. पडायचंच तर मुठी मिटून, कोपर ते मनगट या भागावर पडा.

विमा. स्वित्झर्लंडमध्ये आठवड्याला 8 तास किंवा जास्त नोकरी करत असाल तर मालकाच्या अपघात विम्यात सुट्टीतला अपघातही येतो. पण भारतातून आलेल्या भावाला, मेव्हण्याला बरोबर नेत असाल तर त्यांची ट्रॅव्हल पॉलिसी उघडून हिवाळी खेळ वगळले आहेत का ते स्वतः वाचा. एजंट ‘सगळं कव्हर आहे’ म्हणाला, यावर जाऊ नका. हवाई बचावाचा नंबर 1414, फोनमध्ये आत्ताच ठेवा.

पहिल्यांदाच बोर्डवर उभे राहणार असाल तर थेट वर जाऊ नका. गावातल्या क्लोस्टरमाटेवर किंवा गेर्श्नीआल्पला, नवशिक्यांच्या उतारांवर शिका, शिक्षक लावा. ट्रूबझेच्या तळ्याच्या आसपास सपाटी आहे. तिथे वेग घेऊन या, नाहीतर एक पाय सोडून ढकलत चालावं लागतं. खुणा केलेल्या वाटेच्या बाहेर पाऊल नको. वर हिमनदी आहे, बर्फाखाली भेगा असतात.

लिफ्टच्या रांगेत उभं राहिलात की खिसे चाचपा: पास, फोन, सनस्क्रीन. आणि डोक्यावर गॉगल. नसेल तर रांग सोडा.

डब्यात पोळीभाजीचा रोल, पाणी. जेवताना गॉगल हेल्मेटवर चढवू नका, आत घाम जाऊन काच धुकट होते, खिशात ठेवा. ओल्या काचेची आतली बाजू पुसू नका, धुकं न धरणारा लेप निघतो.

दुपारनंतर पाय थकतात, तेव्हाच पडायला होतं. शेवटच्या लिफ्टची वेळ सकाळीच बघून गजर लावा. बोर्ड परत, बूट परत, गाडी. घरी डोळे टोचायला लागले तर चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स काढा, दिवे बंद, डॉक्टर. गॉगल सुकला की रॅकवर ठेवू नका. परत त्याच बॅगेत.